मादागास्कर बाय रोड टूर: जरूर करा
कोथरूडच्या एका टूरवाल्यांबरोबर मादागास्कर केलं, राजधानी अंतानानारिवोहून आरएन ७ हायवेने खाली किनाऱ्यावरच्या तुलेआर शहरापर्यंत, साधारण ९५० किमी, आणि विमानाने गेलो असतो तर वाटेतली गावं दिसलीच नसती! भातखाचरं, लाल मातीची घरं, झेबू बैलांच्या गाड्या, अगदी मावळातून चाललोय असं वाटतं. रानोमाफानाचं जंगल भारीच, सोनेरी बांबू लेमूर (लेमूर म्हणजे माकडासारखा प्राणी) सापडला म्हणून १९९१ ला तिथं नॅशनल पार्क झालं. पण मला जास्त आवडलं आंजा, ते रान गावकरीच सांभाळतात, गाईडपण गावातलाच, आणि पट्टेरी शेपटीचे लेमूर खडकांवर निवांत ऊन खात बसलेले, किती बघू असं झालं. रस्ता खराब आहे, पाठ धरते. व्हेजवाल्यांनी टूरवाल्यांशी आधीच बोलून घ्या, भात तिन्ही त्रिकाळ मिळतो, भाजीचे वांधे होतात.