एसडीएल ३ आणि गेम कंट्रोलर : काही महिने वापरल्यानंतर

मी लिहिलेला गेम दोघांनी खेळायचा, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारा. खेळता खेळता एकाची केबल सुटली. परत जोडली तर तो कंट्रोलर मेल्यासारखा, आणि दुसऱ्याच्या बटणांवर पहिल्याची गाडी पळायला लागली.

कारण एसडीएल २ मध्ये आहे. एसडीएल म्हणजे खिडकी, आवाज, कंट्रोलर वगैरे हाताळणारी तयार लायब्ररी; माझा गेम तेव्हा तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर होता. कंट्रोलर जोडल्याची सूचना येते तेव्हा सोबतचा आकडा असतो यादीतला क्रम. काढल्याची सूचना येते तेव्हा त्याच रकान्यात इन्स्टन्स आयडी असतो, म्हणजे प्रत्येक जोडणीला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक. बटणांच्या सूचनाही आयडीच देतात. सुरुवातीला दोन्ही आकडे ०, १ असे जुळतात, म्हणून टेस्टिंगमध्ये काहीच दिसत नाही. केबल काढून लावली की क्रम पुन्हा १ होतो, आयडी मात्र नवा, २. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, पण एका रकान्याला दोन अर्थ द्यायचेच कशाला? याचा मला अजूनही राग येतो. उपाय एकच : कंट्रोलर उघडल्यावर त्याच्याकडूनच आयडी मागून घ्यायचा आणि क्रम विसरून जायचा.

जानेवारी २०२५ मध्ये एसडीएल ३ ची पहिली स्थिर आवृत्ती आली. त्यात दोन्ही सूचनांमध्ये आयडीच येतो. एवढ्यासाठीच मी गेम तिकडे नेला. फंक्शनांची नावं ढीगभर बदलली आहेत, पण नावं बदलणारी स्क्रिप्ट सोबत मिळते. बटणंही आता दिशेने ओळखली जातात : दक्षिण, पूर्व, पश्चिम, उत्तर. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर 'ए' उजवीकडे असतो, एक्सबॉक्सच्या खाली, त्यामुळे हे फार बरं झालं.

मॅपिंगबद्दल, म्हणजे पॅडचं कुठलं बटण कशासाठी हे सांगणाऱ्या ओळीबद्दल, मात्र माझं मत बदललं. माझा स्वस्तातला पॅड लिनक्सवर उलटसुलट बटणं द्यायचा, तेव्हा मॅपिंगची ती लांबलचक ओळ बघून वैताग यायचा आणि नवा पॅड घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मग ती ओळ लिहून पाहिली. कंट्रोलरचा जीयूआयडी (मॉडेल ओळखायचा लांब कोड), नाव, कुठलं बटण कुठे, शेवटी प्लॅटफॉर्म. पॅड सुरळीत चालतो, पैसे वाचले. विंडोजसाठी ओळ वेगळी लागते, एवढं लक्षात ठेवा.

डेड झोन, म्हणजे स्टिकची मधली किरकोळ हालचाल दुर्लक्षित करायची मर्यादा, अजूनही स्वतःच लिहावा लागतो. स्टिक -३२७६८ ते ३२७६७ देते आणि सोडल्यावर नेमकी शून्यावर येत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट या विंडोजच्या कंट्रोलर लायब्ररीमध्ये डाव्या स्टिकसाठी ७८४९ दिला आहे. मी तिथून सुरुवात केली, पण झिजलेल्या पॅडला तेवढा पुरत नाही, म्हणून सेटिंगमध्ये स्लायडर दिला आहे.