मॅचआधीचं टेन्शन आवरायला काय बरं, व्हिज्युअलायझेशन की श्वासावर कंट्रोल?

दोन्ही करून बघितलंय, पण काम वेगवेगळं आहे हो. व्हिज्युअलायझेशन म्हणजे डोळे मिटून अख्खी रेस आधीच मनात पोहून घ्यायची, गडबड झाली तर काय तेही धरून. अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सचंच बघा ना, २००८ बीजिंग ऑलिम्पिक, २०० मीटर बटरफ्लाय, गॉगलमध्ये पाणी शिरलं, दिसेना काही, तर पठ्ठ्याने किती हात मारले ते मोजत मोजत भिंत गाठली आणि १:५२.०३ चा वर्ल्ड रेकॉर्डपण केला! पण ही सवय लागायला महिने जातात, आदल्या रात्री सुरू करून काही उपयोग नाही, उलट हरल्याचंच चित्र डोळ्यासमोर येतं (माझं झालंय).

श्वासाचं तसं नाही. सावकाश श्वास सोडला की धडधड लगेच थोडी उतरते, नेमबाजीत (शूटिंगमध्ये) तर हेच सगळं. आपला कोल्हापूरचा नेमबाज स्वप्निल कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये क्वालिफिकेशनमध्ये सातवा होता, फायनलला फक्त काळा चहा पिऊन उतरला, छाती धडधडत होती, श्वास सांभाळला आणि ब्राँझ आणलं.

मॅच आठवड्यावर आली असेल तर मी श्वासावर कंट्रोलच निवडेन, सीझन लांब असेल तर व्हिज्युअलायझेशन.