ऑक्सिजन, सीपॅप की बायपॅप? सीओपीडीच्या रुग्णाला रात्री काय लावायचं

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार. घरात ऑक्सिजनचं मशीन आधीच असताना डॉक्टर रात्रीच्या मास्कचं बोलायला लागले की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: आता हे आणखी कशाला? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर याचं उत्तर दिसत नाही, कारण तो फक्त ऑक्सिजन दाखवतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठलाय हे कळायला धमनीतलं रक्त घेऊन एबीजी करावी लागते. निवड मुख्यतः त्या आकड्यावर ठरते.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरातलं ऑक्सिजनचं मशीन, श्वासातला ऑक्सिजन वाढवतो, श्वास ओढायला मात्र हातभार लावत नाही. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी (पाऱ्याचा) किंवा त्याखाली असलेल्यांनी तो रोज किमान १५ तास घेतला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१च्या दोन चाचण्यांपासून माहीत आहे. पण कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णात जादा ऑक्सिजनने तो साठा आणखी वाढू शकतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी ही त्याची लक्षणं. 'धाप लागतेय, लिटर वाढवा' हे घरच्या घरी करू नये ते यासाठी.

सीपॅपचं थोडक्यात सांगतो. एकच स्थिर दाब, घशाची वाट उघडी ठेवायला. सीओपीडीच्या जोडीला झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असेल तर उत्तम. नसेल तर साठलेल्या कार्बन डायऑक्साइडवर तो इलाज नव्हे, मशीन दिसायला बायपॅपसारखं असलं तरी.

बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतो, म्हणजे दमलेल्या स्नायूंचं काम रात्रभर थोडं स्वतःकडे घेतो. गरज असेल तर ऑक्सिजन त्याच्याच नळीत जोडता येतो. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १९५ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) वर्षभरातले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १२ वर आले. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही! फरक वेळेचा होता. पहिल्या चाचणीतले रुग्ण स्थिर होते. दुसरीत मशीन सीओपीडीच्या तीव्र अटॅकनंतर लगेच दिलं, आणि ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांचाही कार्बन डायऑक्साइड पुढे उतरला. मग २०१७च्या ब्रिटिश चाचणीत दोन ते चार आठवडे थांबून, तरीही कार्बन डायऑक्साइड ५३ मिमीच्या वर असलेल्यांनाच ऑक्सिजनसोबत मशीन दिलं. पुन्हा भरती किंवा मृत्यू होईपर्यंतचा मध्यक काळ १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशीच मशीन घ्यायला सांगितलं, तर 'काही आठवड्यांनी एबीजी करून ठरवलं तर चालेल का?' असं जरूर विचारा. काहींच्या बाबतीत थांबणं योग्य नसतं, ते डॉक्टर सांगतील.

राहिला मास्क, आणि बरेच जण अडतात ते इथेच. नाकाचा मास्क हलका, बोलता येतं, कोंडल्यासारखं कमी वाटतं. पण झोपेत तोंड उघडं राहिलं तर हवा तिथूनच निघून जाते. नाक-तोंड झाकणाऱ्यात ती अडचण नाही, मात्र उलटी झाली तर रुग्णाला तो स्वतः झटकन काढता यायला हवा. पट्टे आवळून गळती थांबत नाही, बहुतेकदा नाकाच्या हाडावर जखम तेवढी होते. मास्कवरची बारीक भोकं बुजवू नका, उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. पहिले काही दिवस दुपारी, जागेपणी, अर्धा-पाऊण तास लावून बसवा.

काही आठवड्यांनी एबीजी तशीच आली तर आधी मशीनमधली नोंद बघा: रात्री किती तास वापर, गळती किती. तास तीनच भरत असतील, तर मशीन बदलायचं बोलण्याआधी मास्क बदलून बघा.