घरभर ऑडिओ-व्हिडिओ वायरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर तक्रार एका एल्बोची

नूतनीकरणात भिंती उघड्या होत्या तेव्हाच सर्व खोल्यांचे ऑडिओ-व्हिडिओ वायरिंग करून घेतले. गिलावा, रंग आणि फॉल्स सिलिंग आटोपून काही महिने सुरळीत गेल्यावर बैठकीतल्या टीव्हीचा पडदा अधूनमधून काळा पडू लागला. कमी बारकाव्याचे 1080पी ठेवले की चित्र स्थिर असते आणि अधिक बारकाव्याचे फोर-के, 60 हर्ट्झ (सेकंदाला 60 फ्रेम) निवडले की ते जाते. मीडिया बॉक्स टीव्हीशेजारी आणून छोट्या केबलने जोडला, तर फोर-केही निर्दोष दिसले. म्हणजे दोष भिंतीतल्या बारा मीटर तांब्याच्या एचडीएमआय केबलचा. फोर-के 60 हर्ट्झसाठी केबलने सेकंदाला 18 गिगाबिटपर्यंत भार पेलायला हवा, आणि एवढ्या लांबीवर साध्या तांब्याला तो कसाबसाच झेपतो.

आता केबल बदलायची म्हणजे जुनी ओढून काढायची आणि तिच्याच टोकाला बांधून नवी आत घ्यायची. पाइप टाकले ते याचसाठी. जुनी केबल थोडी सरकली आणि अडली. गिलाव्याआधीचे फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा आराखड्यात मोठ्या गोलाईचा बेंड दाखवलेल्या जागी काटकोनी एल्बो, म्हणजे एकदम वळणारा पाइपचा जोड, बसवलेला दिसला, तोही 25 मिलीमीटर पाइपवर. एचडीएमआयच्या प्लगचा धातूचा भाग 14 मिलीमीटर रुंद असतो, पण मागचे ताठ आवरण 20च्या आसपास जाते. सरळ पाइपमधून ते निघते, एल्बोत वळत नाही. मूळ केबल पाइप जोडतानाच ओवल्यामुळे तेव्हा काहीच अडले नाही.

ठेकेदाराचे म्हणणे असे की पाइप टाकायचे ठरले होते, ते टाकले; केबलचे विक्रेत्याला विचारा. विक्रेत्याचे म्हणणे असे की वॉरंटी आहे, केबल काढून आणा. प्लग कापल्यास केबल निघेलही, पण कापलेली केबल वॉरंटीत घेत नाहीत. बेंड आणि एल्बो यांच्या किमतीतला फरक इतका किरकोळ आहे की तो कोणी वाचवला असेल यावर विश्वास बसत नाही; बहुधा त्या दिवशी हाताशी एल्बो होता, एवढेच.

याच ठेकेदाराने प्रत्येक टीव्हीमागे दोन-दोन कॅट-सिक्स (नेटवर्कच्या) केबल टाकण्याचा आग्रह धरला होता, आणि मी त्याला बिल फुगवण्याचा प्रकार समजत होतो. ते मत आता बदलले आहे. त्यांतल्या एका केबलवर एचडीबेसटीचा, म्हणजे एचडीएमआयचे चित्र-आवाज नेटवर्क केबलवरून नेणारा, जुन्या पिढीचा संच लावून सध्या टीव्ही चालतो. त्याची क्षमता सेकंदाला 10.2 गिगाबिटच असली तरी सेकंदाला 24 फ्रेमचे फोर-के चित्रपट एचडीआरसह (उजेड-अंधाराच्या मोठ्या पल्ल्यासह) उत्तम दिसतात. 60 फ्रेमला मात्र रंगाच्या तपशिलात तडजोड करावी लागते. ती गेम खेळणाऱ्या मुलांना जाणवते, मला नाही.

स्पीकरच्या वायरिंगबद्दल तक्रार नाही. शुद्ध तांब्याची 14 गेजची तार अॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत स्वतंत्र नेली आहे. एकाच तारेवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले असते तर अॅम्प्लिफायरवर 4 ओहमचा भार आला असता. विजेच्या तारा वेगळ्या पाइपमधून गेल्या असून 50 हर्ट्झची घरघर कुठेही ऐकू येत नाही. स्वयंपाकघरातले स्पीकर रोज वाजतात, न्हाणीघरातले मात्र वायफळ खर्च ठरले.

कायमची दुरुस्ती ऑप्टिकल, म्हणजे काचतंतूच्या, एचडीएमआय केबलनेच होईल. काही केबलचे मोठे प्लग सुटे होतात आणि अरुंद टोकच पाइपमधून जाते. मात्र ती एकाच दिशेने चालत असल्याने मीडिया बॉक्सकडचे टोक तपासूनच ओढायची. काचतंतूलाही काटकोन सोसत नाही, तेव्हा एल्बोच्या जागी हातभर भिंत फोडावीच लागेल. ठेकेदाराची शेवटची रक्कम मी अजून दिलेली नाही. फोडकाम आणि रंगाची डागडुजी त्यातूनच होईल, हे त्याला लेखी कळवले आहे.