चामड्याचे अर्धे मुखवटे: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

भारुडांवर बांधलेला आमचा प्रयोग गेल्या उन्हाळ्यापासून चामड्याच्या अर्ध्या, म्हणजे ओठ मोकळे ठेवणाऱ्या मुखवट्यांवर चालू आहे. लातूर, अंबाजोगाई, परळी, उदगीर आणि अधूनमधून आसपासची खेडी. सभागृह मिळालं तर मिळालं, नाहीतर देवळापुढचं पटांगण किंवा शाळेचं मैदान. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय. आपल्या हवेत, आपल्या पद्धतीच्या बोलक्या नाटकाला याच्या तोडीचा मुखवटा मी पाहिलेला नाही. पण घेताना समोरून बघून पसंत करू नका. उलटा करा आणि आतून बघा. मुखवट्याचा कस तिथे लागतो.

आधी आम्ही कागदाच्या लगद्याचे वापरायचो. हलके, स्वस्त, रंगवायला सोपे. पण इथे एप्रिलमध्ये दिवस मावळल्यावरही अंगाची लाही होत असते, तेव्हा पहिल्या दोन भारुडांतच कपाळाकडचा भाग घामाने भिजून भुसभुशीत व्हायचा. मग फायबरचे आणले. ते टिकले, पण घाम आत साठून डोळ्यांत उतरायचा, नाकाच्या हाडावर घासून सालपट निघायचं. चामडं घाम पितं आणि मुखवटा काढून ठेवला की सुकतं. पाच-सहा प्रयोगांनंतर तर तो ज्याचा त्याच्या चेहऱ्यावर बसायला लागला. वासुदेव करणाऱ्या मुलाचा मुखवटा आता जोशी करणाऱ्याला चढवला तर गालाशी फट राहते, सुरुवातीला दोघांनाही तो चालत होता.

हे कुठल्याही चामड्याला लागू नाही. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. पर्स, जॅकेट, बुटांचे वरचे भाग यांना ते उत्तम. पण भिजवून साच्यावर ताणलं तरी सुकल्यावर ते आकार सोडतं. मुखवट्याला लागतं झाडाच्या सालीने किंवा हिरड्यासारख्या फळाने कमावलेलं चामडं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा ही जुनीच रीत आहे, कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच तयार होतं. या कमावणीला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून ते महाग पडतं. पण कोमट पाण्यात भिजलं की ते हाताला वश होतं आणि सुकलं की दिलेला आकार धरून बसतं.

आमचे मुखवटे लातूरजवळच्या एका कारागिराने केले, आम्ही त्यांना मामा म्हणतो. घरात पिढ्यान्पिढ्या चपलांचं काम. मुखवटा त्यांनी याआधी कधी केला नव्हता, पण रापी (चामडं कापायचं-तासायचं हत्यार), आरी (टोचा), कलबूत (चपलेचा साचा) यांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. आधी सागवानाचा साचा कोरला. साधारण पावणेदोन मिलिमीटर जाडीचं चामडं भिजवून त्यावर पसरलं आणि कडेने चुका, म्हणजे बारीक खिळे ठोकून ताणलं. मग नाकपुडीशेजारच्या खाचेवर ते शिंगाच्या गुळगुळीत तुकड्याने घासत बसले. एकाच बोटभर जागेवर, कितीतरी वेळ. चामडं तिथे फुगून सुरकुती धरत होतं, ते त्या सुरकुतीला थोडं थोडं बाहेरच्या बाजूला सरकवत नेत होते. शेवटी ती कुठे गेली ते दिसेना, आणि खाच लाकडातल्यासारखीच स्वच्छ उमटली. मी कौतुकाने पुढून बघत होते, तर मामा म्हणाले, "भायेरून तर समदेच बघतेत ताई. घालणाऱ्याला आतूनच घालायचंय की."

हीच पद्धत इटलीतही आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथे कॉमेडिया देल आर्ते या जुन्या मुखवट्यांच्या नाट्यप्रकाराचे नट चामड्याचे अर्धे मुखवटे घालून बोलत, भांडत, गात. तोंड मोकळं, म्हणून शब्द मोकळे. अशा नटांच्या कंपनीचा पादुआ शहरातला लेखी करार १५४५ सालचा आहे, म्हणजे पैठणला एकनाथ महाराज होते तेच शतक. पुढे ही कला जवळजवळ विसरली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पादुआचेच शिल्पकार आमलेतो सार्तोरी यांनी लाकडी साच्यावर चामडं घडवण्याची रीत पुन्हा उभी केली आणि मिलानच्या पिक्कोलो थिएटरच्या नटांसाठी मुखवटे केले. त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव दोनातो यांनी ते काम पुढे नेलं. भारुडाला अर्धा मुखवटाच का हवा, हे मला हा इतिहास वाचून नीट उमगलं. विंचू चावलाय, बुरगुंडा झालाय, हे सगळं शब्दांत आणि ठसक्यात आहे. ओठ झाकले की भारुड गेलं.

आता आत काय बघायचं ते सांगते. डोळ्यांच्या भोकांची कड रापीने आतून तासून पातळ केलेली हवी, बोट फिरवलं तर कुठे टोचता कामा नये. बाहेरची कड आत दुमडून चिकटवलेली किंवा शिवलेली हवी, नुसती कापून सोडलेली कड पहिल्या महिन्यातच वाकडी होते. कपाळाला मऊ बकरीच्या चामड्याची पातळ गादी असली तर फारच चांगलं. आणि आतून जाड वॉर्निश नको. चकचकीत दिसावं म्हणून काही जण दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारतात. मग चामडं घाम कुठून पिणार? बाहेरून रंग आणि मेण, आतून जवळजवळ कोरं, हे आमच्याकडे सगळ्यात चांगलं चाललं.

उन्हाळ्यात एकच पथ्य पाळावं लागलं. घामाने ओला झालेला मुखवटा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि मग ताठ होतं, ते परत येत नाही. प्रयोग संपला की आतून ओलसर फडकं फिरवायचं, वर्तमानपत्राचा बोळा भरायचा, सावलीत ठेवायचा. तेल अगदी नावापुरतं. जास्त तेल पाजलं की चामडं सैल पडून नाकाचा बाक बसतो. पावसाळ्यात श्रावण-भाद्रपदात आत पांढरी बुरशी धरली होती. कोरड्या ब्रशने झाडून दोन दिवस वाऱ्याला ठेवल्यावर गेली. आमच्या हलगीवाल्यांना हे काही नवीन नाही, दमट हवेत हलगी शेकल्याशिवाय ते हात लावत नाहीत. मुखवटा मात्र शेकायचा नाही.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे आणि ती पट्ट्यांची. डोक्यामागचे पट्टे आम्ही घाईत दुसऱ्या एका दुकानातून बसवून घेतले. त्यांनी लोखंडी रिव्हेट आणि लोखंडी बकल लावलं. महिनाभरात प्रत्येक रिव्हेटभोवती काळा डाग पसरला आणि घामाबरोबर तो नटांच्या कानशिलावर उतरायला लागला. सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन हा सालीतला तुरट पदार्थ असतो, ओलाव्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी पोथ्यांची शाई करत, त्यातलं हेच रसायन. ते डाग आता निघणार नाहीत. मामांनी साच्यावर ठोकलेल्या चुकासुद्धा पितळी होत्या, त्याचं कारण तेव्हा लक्षात आलं. ऑर्डर देताना पितळी बकल, पितळी रिव्हेट असं लिहूनच द्या. लवचिक इलॅस्टिकही नको, गिरकी घेतली की मुखवटा हलतो.

मामांकडून घुंगरांचे पट्टे आणि कमरपट्टेही करून घेतले. घुंगरांना क्रोमचं मऊ चामडंच बरं, घोट्याला वळतं आणि घामाने आखडत नाही. घुंगरू मेणदोऱ्याने दुहेरी टाक्यात ओवलेले आहेत, अजून एकही सुटलेलं नाही. कमरपट्टे दणकट आहेत, पण रंग पहिल्या काही वेळा धोतराला लागला. त्यांना मेणाचा आणखी एक हात हवा होता.

किमतीचं बोलायचं तर एका मुखवट्याला अडीच हजार पडले, साच्याचे पैसे वेगळे. महाग वाटतं खरं. पण साचा एकदा झाला की त्यावर पुढचे मुखवटे निघतात, म्हणून तीन-चार मंडळांनी मिळून एक साचा करून घेतला तर सगळ्यांनाच परवडेल. निम्मे पैसे आगाऊ द्या. चामड्याचं पूर्ण पान, म्हणजे अख्खं कातडं विकत आणावं लागतं आणि कारागिराच्या खिशाला तो ताण असतो. घासाघीस करू नका, विशेषतः जे लोक नाटकाच्या लाइटला एका रात्रीचे आठ-दहा हजार न बोलता मोजतात त्यांनी. ऑनलाइन सातशे रुपयांत 'अस्सल लेदर मास्क' म्हणून मागवलेला एक नमुनाही आमच्याकडे आहे. मागून कापडाची जाळी दिसते, म्हणजे ते रेक्झिनच. शंका असेल तर आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा. सालीने कमावलेलं कोरं चामडं तो थेंब पितं आणि तिथे गडद होतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदाच घालायचा असेल तर कागदाचा लगदाच बरा. राज्य नाट्य स्पर्धेची तयारी असेल, प्रयोग गावोगावी फिरवायचा असेल, तर चामड्याचाच घ्या आणि तालमी सुरू व्हायच्या दोन महिने आधी ऑर्डर द्या. साचा कोरायला आणि चामडं सुकायला तेवढा वेळ जातोच. आम्ही आता भुत्या आणि गोंधळी यांचे दोन सांगितले आहेत. या वेळी पट्टेही मामाच बसवणार आहेत, पितळेचं सामान आम्ही नेऊन दिलंय, आणि गोंधळ्याचं कपाळ थोडं उंच ठेवायला सांगितलंय, म्हणजे वरून पागोटं नीट बसेल.