सोफा फुकट, पण रात्री अकराला दारात पैसे मागितले तर?

काउचसर्फिंग या, प्रवाशांना अनोळखी लोकांच्या घरी फुकट मुक्काम मिळवून देणाऱ्या साइटवर घरात जागा देणाऱ्याने पाहुण्याकडून राहण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. बीवेलकम, ट्रस्टरूट्स या तशाच साइट्स आणि १९४९ पासून चालत आलेली सर्व्हास ही संस्था, यांचंही तेच. काउचसर्फिंगने २०२० पासून वर्गणी घ्यायला सुरुवात केली, पण ती साइटला द्यायची, यजमानाच्या हातात काही ठेवायचं नाही. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही लोक पैसे काढून देतात, कारण मागणी होते तेव्हा रात्र झालेली असते, पाठीवर जड सॅक असते आणि त्या अख्ख्या शहरात दुसरी एकही खाट आपल्या नावावर नसते. खोटा यजमान नेमकी ही वेळ साधतो.

इस्तंबूलचं उदाहरण घेऊ. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, हातात असला की भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, त्यामुळे युरोपला जाता-येता आपल्याकडचे बरेच जण तिथे स्वस्तात दोन-तीन रात्री काढायचं ठरवतात. यजमान कळवतो, ‘घर मध्यवर्ती आहे, तक्सिमपासून वीस मिनिटं. मी कामावर असतो, रात्री दहानंतर ये.’ प्रत्यक्षात घर निघतं एसेन्युर्तला किंवा त्याच्या पलीकडे, तक्सिम या मध्यवर्ती चौकाच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर. तिथे पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. दार उघडतं आणि गोष्ट बदलते. घरमालक कटकट करतोय, खोलीतला जोडीदार वाटा मागतोय, चादरी धुवायचे पैसे, परदेशी माणसाची पोलिसांत नोंद करायची फी. रक्कम मुद्दाम बेताची सांगतात, तीस-चाळीस युरो. एवढ्यासाठी या वेळी कुठे वणवण करायची, असं पाहुण्याला वाटावं इतकीच.

यातली ‘नोंदणी फी’ ऐकायला खरी वाटते, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. तुर्कस्तानात १ जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना १०० दिवसांपर्यंत घर भाड्याने द्यायचं तर परवाना लागतो. तो काढायचा घर देणाऱ्याने. पाहुण्याकडून दारात रोख घ्यायची सरकारी फी त्यात कुठेच नाही. इटलीतही असंच होतं. युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा घरी ठेवला तर यजमानाने ४८ तासांत पोलिसांकडे लेखी कळवायचं असतं, आणि ती जबाबदारी सर्वस्वी त्याची. कायदा खरा असतो, त्याला चिकटवलेली रक्कम खोटी असते.

अशा वेळी काय करायचं? निघायचं. हे सुचत नाही, कारण परत जायला वाहन नसेल असं वाटतं. इस्तंबूलची मेट्रोबस, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेवरची बस, रात्रभर चालते. एसेन्युर्तलगतच्या बेयलिकदुझूहून ती मेजिदियेकोयला येते, तिथून मेट्रोने तक्सिम. मेट्रो एरवी मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, पण मेजिदियेकोयहून तक्सिम टॅक्सीनेही जवळ आहे. शहर कोणतंही असो, यजमानाच्या घरून रात्री बारानंतर परत कसं यायचं हे विमानात बसायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. फोनची बॅटरी याच वेळी संपते.

आता दुसरी खाट. ‘हॉस्टेल बुक करून ठेवतो, यजमान चांगला निघाला तर रद्द करतो,’ असा हिशेब बरेच जण करतात आणि तो चुकतो. फुकट रद्द करायची मुदत बहुधा मुक्कामाच्या एक-दोन दिवस आधीच संपते. यजमान कसा आहे हे कळायच्या आत तुम्ही ती खाट सोडून दिलेली असते. म्हणून पहिली रात्र हॉस्टेलमध्येच काढा, पैसे पूर्ण भरून. यजमानाला दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दीच्या कॅफेत भेटा, सॅक हॉस्टेलच्या लॉकरमध्येच राहू द्या. माणूस बरा वाटला तर संध्याकाळी सामान घेऊन जा. एका रात्रीच्या खाटेचे पैसे जास्त जातात, ते जाऊ द्यावेत. भर दुपारी भेटायला काचकूच करणारा यजमान सोडून दिलेलाच बरा.

जागेची खात्री मेसेजमध्येच करता येते. तुर्की पत्त्यात महल्ला, रस्ता, इमारतीचा नंबर आणि घराचा नंबर असे चार भाग असतात. पूर्ण पत्ता आधी द्यायला भला माणूसही कचरेल, ते रास्त आहे. पण महल्ल्याचं नाव आणि जवळचा थांबा सांगायला कुणाची हरकत नसते. ‘मेट्रोजवळ’ हा पत्ता नव्हे. थांब्याचं नाव मिळालं की विमानतळापासून तिथपर्यंतचा वेळ नकाशात स्वतः पाहा.

प्रोफाइल वाचताना नुसते आकडे मोजू नका. काउचसर्फिंगवर रेफरन्स, म्हणजे सदस्यांनी एकमेकांबद्दल लिहिलेले अभिप्राय, तीन तऱ्हेचे असतात: पाहुण्यांनी दिलेले, यजमानांनी दिलेले आणि नुसत्या ओळखीचे. राहायला जायचं तर पाहुण्यांचे पाहा, बाकीचे जवळजवळ निरुपयोगी. वीस रेफरन्स आहेत आणि सगळे ओळखीचे, तेही एकाच महिन्यात उघडलेल्या खात्यांवरून, तर ते घरबसल्या तयार केलेले असू शकतात. जुनं खातं चोरून किंवा विकत घेऊनही वापरतात. तेव्हा शेवटचा रेफरन्स आणि आजचा दिवस यात मोठी पोकळी दिसते, शहर बदललेलं असतं, लिहायची ढब वेगळी असते. तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे हे शोधून पाहायला दोन मिनिटं लागतात. प्रोफाइलवरच्या पडताळणीच्या खुणेचा अर्थ एवढाच की कार्ड, फोन किंवा कागदपत्र तपासलं गेलं आहे. माणसाच्या हेतूची ती हमी नाही. इटलीत पादुआच्या न्यायालयाने २०१५ मध्ये एका पोलिसाला साडेसहा वर्षांची शिक्षा दिली. काउचसर्फिंगवरून आलेल्या एका अल्पवयीन मुलीला गुंगीचं औषध देऊन त्याने अत्याचार केला होता. प्रोफाइलवर त्याचं नावही खरं नव्हतं. त्यामुळे यजमानाने ओतून आणलेलं पेय घेऊ नका. बाटली तुमच्या समोर उघडली जावी, हे सांगताना भीड धरू नका.

मेसेज साइटवरच ठेवा. ‘साइटवर मला दिसत नाही, व्हॉट्सअॅपवर ये’ हे पहिल्याच निरोपात आलं तर सावध व्हा. तक्रार केली तर साइटवाले त्यांच्याकडचं संभाषण पाहतात, बाहेरचं त्यांच्या हाती नसतं. शिवाय नंबर मिळाला की पुढचा डाव सोपा होतो. यजमान म्हणतो, ‘तुझी खात्री करायला एक सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांग.’ तो तुमच्याच व्हॉट्सअॅपचा नोंदणी कोड असतो. सांगितला की खातं गेलं, आणि सांगली-साताऱ्यात आईच्या फोनवर तुमच्या नावाने निरोप जातो: पाकीट चोरीला गेलं, या यूपीआयवर लगेच पैसे टाक. निघण्यापूर्वी व्हॉट्सअॅपचा दुहेरी पडताळणीचा पिन लावा आणि घरच्यांशी एक शब्द ठरवून ठेवा. तो शब्द नसेल तर, आणि आवाज ऐकल्याशिवाय, कुणी पैसे पाठवायचे नाहीत. पाठवले गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्यातच असते.

डिपॉझिटचा प्रकार घराबाहेर न पडताच होतो. ‘आधीच्या पाहुण्याने चोरी केली, म्हणून परत मिळणारं डिपॉझिट घेतो,’ असं सांगून एअरबीएनबीसारख्या दिसणाऱ्या पानाची लिंक पाठवतात. लिंकच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) अगदी आधी काय आहे ते वाचा. खरं नाव तिथे असतं, सुरुवातीला नाही. क्रेडिट कार्डावर वाद घालता येतो. वेस्टर्न युनियनने पाठवलेली रोख समोरच्याने उचलली की ती परत येत नाही.

युरोपच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र विकणारे ‘यजमान’ याच गटात मोडतात. फ्रान्समध्ये घरी राहायला बोलावण्याचं पत्र यजमानाने नगरपालिकेत जाऊन, घराचे आणि उत्पन्नाचे पुरावे दाखवून घ्यायचं असतं. संगणकावर टाइप करून पीडीएफ पाठवलं म्हणजे ते पत्र होत नाही. खोटा कागद जोडल्यामुळे अर्ज नाकारला गेला तर ती नोंद शेंगेनच्या व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहते. भुर्दंड पत्र विकणाऱ्याला नाही, तुम्हाला.

पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणणाऱ्याला तो कधीच देऊ नका, एका रात्रीपुरताही नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा आहे, हे स्पष्ट सांगा. हवी तर पहिल्या पानाची छायाप्रत द्या, तिच्यावर तारीख आणि ‘मुक्कामाच्या नोंदीसाठी’ असं आडवं लिहून. पासपोर्ट अडवून धरला तर तुर्कस्तानात ११२ लावा. फोन कानाला लावल्यावर बहुतेकदा पासपोर्ट बाहेर येतो. नाहीच आला तर पोलिसांचा लेखी अहवाल घेऊन इस्तंबूलच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जावं लागतं. तिथून मिळणारं आणीबाणीचं प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. पुढची युरोपची वारी, पासपोर्टमधल्या शेंगेन व्हिसासकट, तिथेच संपते.

दिवसाउजेडी होणारी लूट साधी आहे. यजमान ‘काकांच्या’ गालिच्याच्या दुकानात सफरचंदाचा चहा पाजतो, किंवा तक्सिमच्या इस्तिक्लाल रस्त्याजवळच्या बारमध्ये नेतो आणि बिल आल्यावर गायब होतो. मोरोक्कोत हेच मेर्झुगाच्या वाळवंटातल्या ‘फुकट तंबू’च्या नावाने चालतं: तंबू फुकट, उंटाची फेरी सक्तीची. दराची छापील यादी पाहिल्याशिवाय काही मागवू नका आणि बाहेर पडताना एकच कार्ड, कमी मर्यादेचं, जवळ ठेवा.

चाळीस युरो देऊन सुटलेले पाहुणे बहुधा रेफरन्स लिहीत नाहीत. लाज वाटते, शिवाय तोही उलट वाईट लिहील ही भीती असते. त्यामुळे त्या यजमानाचं पान स्वच्छच राहतं. घर सोडल्यावर, सुरक्षित जागी पोहोचल्यावर, लिहा. रागाचे शब्द नकोत: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या कारणाने, किती रक्कम मागितली आणि घर सांगितलेल्या जागेपासून किती लांब निघालं. संभाषणाचे स्क्रीनशॉट त्याने तुम्हाला ब्लॉक करायच्या आत काढून ठेवा.