म्हशीच्या जागी आलेला प्राणी : आयकॉनच्या कामात झालेली माझी फसवणूक

कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर तयार करण्याचा आमचा चौघांचा छोटा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी या सॉफ्टवेअरमधील सगळे आयकॉन नव्याने काढून घेताना माझी ३८,५०० रुपयांची फसवणूक झाली. आमच्यासाठी ही रक्कम एका सहकाऱ्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी आहे. फसवणाऱ्याचे नाव मी येथे देत नाही. ती फसवणूक कशी झाली आणि शेवटचा हप्ता पाठवण्यापूर्वी मला ती कशी ओळखता आली असती, हे मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण स्वतः चित्र काढू न शकणारे माझ्यासारखे अनेक सॉफ्टवेअरवाले असे काम रोज बाहेर देत असतात.

आमच्या कामात आयकॉनला किती महत्त्व आहे, हे आधी सांगावे लागेल. पहाटे संकलन केंद्रावर रांग लागलेली असते, एकेका उत्पादकाला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो आणि यंत्रावर बसलेला माणूस पडद्यावरचे शब्द वाचत नाही, चित्र पाहून बोट ठेवतो. गाईचे दूध की म्हशीचे, सकाळची पाळी की संध्याकाळची, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅट वगळून उरणारे घन पदार्थ), पशुखाद्याची उचल, दहा दिवसांचे बिल, या प्रत्येकासाठी स्वतंत्र चित्र लागते. गाय आणि म्हैस यांच्या दुधाचा दर वेगळा असल्यामुळे तेथे बोट चुकले, तर उत्पादकाच्या पैशांत चूक होते. तयार मिळणाऱ्या आयकॉनच्या संचांत घंटा, घर, शोधाचे भिंग हे सगळे असते. किटली, दुधाचे माप आणि आपल्याकडची म्हैस मात्र मला कोठे सापडली नाही. म्हणून ११० आयकॉन खास काढून घ्यायचे आम्ही ठरवले.

हे आयकॉन व्हेक्टर पद्धतीने काढलेले हवेत, ही आमची मुख्य अट होती. एकच चित्र साध्या मोबाइलवर, संगणकावर आणि संस्थेच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सारखेच रेखीव दिसायला हवे असेल, तर ते ठिपक्यांचे बनलेले असून चालत नाही. व्हेक्टर चित्रात रेषा कोठून निघते, कोठे वळते आणि कोठे संपते, याची गणिती नोंद असते. फ्रान्समध्ये रेनो कंपनीत मोटारींच्या पत्र्यांचे वळण नेमके मांडण्यासाठी पिएर बेझिए यांनी ज्या वक्ररेषा प्रचारात आणल्या, त्याच आज चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील पेन टूल या साधनाने काढल्या जातात. चित्रकार मोजके बिंदू ठेवतो, प्रत्येक बिंदूला दोन दांड्या असतात आणि त्या ओढून वळण घडवतो. अशी रेषा कितीही मोठी केली तरी फाटत नाही, तिचा रंग एका शब्दाने बदलता येतो आणि फाइल एक-दोन केबीत मावते.

ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी एका गृहस्थाची ओळख झाली. त्यांनी प्रत्येकी ३५० रुपये दर सांगितला आणि नमुन्यादाखल सहा आयकॉन आधीच पाठवले. ते सहाही आयकॉन खरोखर उत्तम होते. चोवीस बाय चोवीसच्या चौकटीत बसवलेले, चारही बाजूंनी दोन एककांची मोकळी जागा सोडलेले, सगळीकडे रेषेची जाडी सारखी आणि एकेका आकृतीत दहा-पंधरा बिंदू. आमच्यातील एका मुलाने ते उघडून पाहिले आणि काम जाणकाराचे आहे, असा निर्वाळा दिला. आम्ही तपासणी केली ती एवढीच, आणि ती नेमकी अशा फाइलींची केली ज्या तपासल्या जाणार हे समोरच्याला पक्के ठाऊक होते. १५,४०० रुपये आगाऊ पाठवले. पैसे ज्या खात्यावर गेले त्याचे नाव त्या गृहस्थांच्या नावाशी जुळत नव्हते. विचारल्यावर खाते मेहुण्याचे असल्याचे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले.

तीन आठवड्यांनी सगळे आयकॉन एकत्र मांडलेली एक पीडीएफ आली. पडद्यावर ती देखणी दिसत होती. मी उरलेले २३,१०० रुपये त्याच संध्याकाळी यूपीआयने दिले आणि त्यानंतर ११० एसव्हीजी फाइलींची, म्हणजे व्हेक्टर चित्रे ज्या स्वरूपात साठवतात त्या फाइलींची, झिप आली. मुळात हा क्रमच चुकीचा होता. मी पैसे मोजले ते चित्राच्या दिसण्याला. मला घ्यायची होती ती चित्राची रचना, आणि पीडीएफच्या त्या पानावर ती दिसत नसते.

पहिली शंका आमच्यापैकी कोणाला आली नाही. चाचणीसाठी नवे पडदे दाखवायला मी करवीर तालुक्यातील एका संस्थेत गेले होते. तेथील सचिवांनी म्हशीच्या बटणाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ताई, ही म्हस न्हवं.” त्यांचे बरोबर होते. पाठीवर मोठे वशिंड, हनुवटीखाली दाढी आणि आखूड शिंगे असलेला तो अमेरिकेतला बायसन होता. इंग्रजीत तेथे त्यालाही बफेलो म्हणतात आणि त्या शब्दाने शोधून मिळालेले पहिले चित्र कोणीतरी उचललेले होते. आमच्या भागातल्या पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्याच्याही मागे जातात आणि ती ओळखायला शाळकरी मुलालाही वेळ लागत नाही. ज्याने हे चित्र दिले त्याने म्हैस डोळ्यांसमोर आणून काहीही काढलेले नव्हते, हे मला त्या सचिवांसमोर उभी असतानाच कळून चुकले.

दुसऱ्याच दिवशी अँड्रॉइडसाठी आयकॉन आयात करताना काही फाइली अडकल्या. अँड्रॉइडचे साधन एसव्हीजीचे स्वतःच्या व्हेक्टर स्वरूपात रूपांतर करते आणि फाइलीत ठिपक्यांचे चित्र असेल, तर ते चालत नाही असे स्पष्ट सांगते. इतर काही फाइली आयात झाल्या, परंतु रेषेचे वर्णन फार लांब असून त्याने ॲप मंदावेल, अशी सूचना प्रत्येकीवर येऊ लागली. तेव्हा आम्ही चौघांनी सगळी कामे बाजूला ठेवून एकेक फाइल उघडायला घेतली.

एसव्हीजी ही मुळात मजकुराची फाइल असते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २००१ मध्ये ते मानक म्हणून प्रसिद्ध केले, तेव्हापासून कोणत्याही साध्या मजकूर-संपादकात ती उघडून वाचता येते. पशुखाद्याच्या पोत्याचा आयकॉन असा उघडला, तेव्हा त्यात रेषेची एकही नोंद नव्हती. सुरुवातीच्या दोन ओळींनंतर ‘इमेज’ हा टॅग, म्हणजे येथे तयार चित्र आहे असे सांगणारी खूण, आणि त्यापुढे निरर्थक अक्षरांची कित्येक पडदे भरतील एवढी साखळी होती. ती साखळी म्हणजे अक्षरांत रूपांतरित केलेले पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचे चित्र. एखाद्याने फोटोला चौकट लावावी आणि तैलचित्र म्हणून विकावा, तसा हा प्रकार. मानकानुसार एसव्हीजीत असे चित्र ठेवायला परवानगी आहे, म्हणून ब्राउझर ते निमूट दाखवतो आणि लहान आकारात डोळ्यांना काहीच खटकत नाही. अशा ३१ फाइली निघाल्या. त्यांतील काहींचा आकार दीडशे केबीच्या वर होता. डार्क मोडमध्ये त्यांचा रंग बदलत नव्हता आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसत होत्या.

४४ फाइलींत रेषा होत्या, पण त्या माणसाने काढलेल्या नव्हत्या. कोठूनतरी मिळवलेले चित्र सॉफ्टवेअरला देऊन त्याच्याकडून कडा गिरवून घेण्याची सोय इलस्ट्रेटर आणि इंकस्केप या व्हेक्टर चित्रे काढण्याच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. ही सोय वाईट नाही. कागदावरची सही किंवा जुने बोधचिन्ह उतरवून घ्यायला मी ती स्वतः वापरली आहे. मात्र चोवीस एककांच्या आयकॉनला ती निरुपयोगी ठरते, कारण ती रेषा ओळखत नाही, फक्त काळ्या-पांढऱ्याची सीमा ओळखते. साध्या किटलीच्या आकृतीत आम्ही ६४० बिंदू मोजले. जी कडी एका सलग रेषेने काढायची, ती दोन्ही बाजूंनी गिरवलेल्या पोकळ नळीसारखी झाली होती, त्यामुळे तिची जाडी बदलणे अशक्य होते. सरळ कडा बारकाईने पाहिल्यास थरथरत होत्या. बायसनही याच गटात सापडला.

उरलेल्या २९ फाइली मात्र सुबक होत्या, आणि त्यांनीच मला सर्वांत जास्त काळजीत टाकले. त्यांतील घंटेच्या आकृतीचे वर्णन करणारी अक्षरे-आकड्यांची ओळ उचलून आम्ही एका मुक्त परवान्याच्या, सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या संचात शोधली. ती अक्षरशः जशीच्या तशी सापडली. पुढे एकेक करून सगळ्या २९ जुळल्या. काहींना फक्त उलटे फिरवले होते, काहींचा रंग बदलला होता. दोन वेगळ्या माणसांनी घंटा काढली, तर ती दिसायला सारखी होऊ शकते, परंतु दशांश चिन्हापुढचे आकडेही सारखे येत नाहीत. हा संच व्यावसायिक वापरालाही मुभा देणाऱ्या अपाची परवान्याखाली असल्यामुळे तो आम्हांला थेट वापरता आला असता. म्हणजे जे फुकट होते त्याचे आम्ही १०,१५० रुपये मोजले. शिवाय सगळेच मुक्त संच सारखे नसतात. काहींना निर्मात्याचा उल्लेख करणे बंधनकारक असते, काहींना व्यावसायिक वापर चालत नाही. त्या गृहस्थांनी असा एखादा संच उचलला असता, तर परवाना मोडल्याची नोटीस आमच्या नावावर आली असती आणि आम्ही निर्दोष असल्याचे सिद्ध करत बसलो असतो.

३१, ४४ आणि २९ मिळून १०४ होतात. राहिले ते नमुन्याचे सहा.

मी फोन केला तेव्हा ते गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलले. “मॅडम, तुम्ही एसव्हीजी मागितली, मी एसव्हीजी दिली,” एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि कागदावर ते खोटे ठरवणे अवघड होते, कारण आमचा सगळा व्यवहार मोबाइलवरच्या निरोपांत झाला होता आणि त्यांत मी “एसव्हीजी फाइल पाहिजेत” याहून नेमके काहीच लिहिलेले नव्हते. मूळ कार्यरत फाइली मागितल्यावर त्यांनी दोन दिवसांची मुदत मागितली. तिसऱ्या दिवसापासून फोन लागला नाही आणि ज्या ठिकाणी ओळख झाली तेथील त्यांचे खातेही नाहीसे झाले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मी तक्रार नोंदवली. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे आणि पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी, म्हणजे शक्य तितक्या लवकर, तेथे कळवावे लागते. मला फसवणूक लक्षात यायलाच वीस दिवस लागले होते. पैसे परत आलेले नाहीत.

वकिलांकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट समजली, जी काम प्रामाणिक असते तरी मला नडली असती. आपण पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, असे मी धरून चालले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित व्हायला लेखी आणि सही केलेला दस्त लागतो. त्या दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते धरले जाते. बाहेरच्या माणसाकडून आयकॉन काढून घेणाऱ्या किती जणांकडे असा कागद असेल, याची मला खरोखर चिंता वाटते.

दुसऱ्यांदा काम दिले ते सांगलीच्या एका तरुणीला, आणि या वेळी सगळ्या अटी आधी लिहून काढल्या. काम दहा-दहा आयकॉनच्या गटांत द्यायचे आणि प्रत्येक गटाचे पैसे फाइली तपासल्यावरच द्यायचे. फाइलीत ‘इमेज’ टॅग नसावा. रेषा रेषाच राहावी, तिचे भरीव आकारात रूपांतर केलेली प्रत वेगळी असावी. थर आणि गट शाबूत असलेली मूळ फाइल मिळावी. कोणते चित्र कोणत्या मुक्त संचावर आधारले असेल, तर ते परवान्यासह सांगावे. तिने हे वाचून कसलीही कुरकुर केली नाही, उलट आपल्या इंकस्केपमधल्या कामाची रीत मला समोर बसवून दाखवली. तपासणी मी स्वतः शिकले. इंकस्केपमध्ये फाइल उघडून दर्शनाची पद्धत नुसत्या बाह्यरेषेवर आणली की रंग निघून जातो आणि आतला सांगाडा दिसतो. नीट काढलेल्या आकृतीत तेथे मोजक्या, स्वच्छ रेषा असतात. गिरवलेल्या आकृतीत बिंदूंची गर्दी असते. चिकटवलेल्या चित्रात एकही वळण नसते. बिंदू हाताळणारे नोड टूल घेऊन सगळे बिंदू निवडले की त्यांची संख्या खालच्या पट्टीत दिसते. त्याहीआधी फाइलींची यादी आकारमानाप्रमाणे लावून पाहावी. चोवीस एककांचा आयकॉन शंभर केबीचा असण्याचे कोणतेही योग्य कारण मला आजवर आढळलेले नाही.

म्हशीचा आयकॉन तिने तीनदा काढला. पहिल्या प्रयत्नात शिंगे मुऱ्हा जातीसारखी आखूड आणि वळलेली होती, दुसऱ्यात ती चौकटीबाहेर जात होती. तिसऱ्यात तिने मान थोडी खाली घेतली, शिंगे मागे सोडली आणि सगळे चित्र अठरा बिंदूंत बसवले. त्याच संस्थेत ते दाखवायला गेले तेव्हा सचिवांनी पडद्याकडे पाहिले आणि काही न बोलता बटणावर बोट ठेवले.

नमुन्याचे ते सहा आयकॉन माझ्याकडे अजून एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. आम्ही ते ॲपमधून काढून टाकले, कारण त्या गृहस्थांचे इतर काम पाहिल्यावर ते त्यांनी स्वतः काढले असतील यावर माझा विश्वास उरला नाही. आम्हांला माहीत असलेल्या मुक्त संचांत ते शोधले, पण सापडले नाहीत. कोणीतरी ते मन लावून, बिंदू-बिंदू जुळवून काढले आहेत. ते कोणाचे आहेत हे कळले, तर मी त्या व्यक्तीला आधी हे सांगेन की तिच्या कामाचा वापर करून तिच्या नकळत काय केले गेले, आणि मग त्या सहा आयकॉनची रीतसर किंमत विचारेन, कारण तसे चांगले आयकॉन आम्हांला अजून हवे आहेत.